दर नाईटमागे दहा रुपये: दशावतारी कलाकारांच्या एका संघटनेतला हिशोबाचा वाद

माघात, जत्रांचा सीझन ऐन भरात असताना, एका दशावतारी कंपनीतल्या साठीच्या नटाला रंगपटातच अर्धांगाचा झटका आला. तोंडावरचा रंग तसाच होता. आधी सावंतवाडीत नेलं, तिथून गोव्यातल्या बांबोळीच्या दवाखान्यात. सोबत गेलेल्या दोघांनी पहाटे संघटनेच्या सेक्रेटरींना फोन लावला. कल्याण निधी असतो तो अशाच वेळेसाठी, आणि या नटाच्या प्रत्येक नाईटमधून, म्हणजे एका रात्रीच्या खेळाच्या पैशांतून, कित्येक वर्षं त्यासाठी पैसे कापले जात होते. सेक्रेटरी म्हणाले, "फंडात सध्या काय्येक नाय. माझ्याकडचे पाच हजार धाडतंय." आणि त्यांनी ते खरोखरच पाठवले.

त्याच संघटनेचा तीन दिवसांचा महोत्सव सीझन सुरू व्हायच्या आधी तालुक्याच्या ठिकाणी थाटात झाला होता. मोठा मंडप, एलईडी पडदा, पाहुण्यांना हॉटेलात खोल्या, शाली, श्रीफळं, सन्मानचिन्हं. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसल्या बसल्या त्या दोघांनी दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या. शिमग्यापर्यंत सिंधुदुर्गातल्या बऱ्याच रंगपटांत तोच विषय चालू होता: आमचे पैसे गेले खंय?

पुढे जाण्याआधी एक खुलासा. हे कुठल्याही एका संस्थेचं चरित्र नाही. कलाकारांच्या छोट्या संघटनांमध्ये जे वारंवार घडतं ते एका ठिकाणी आणून, अभ्यासासाठी हे प्रकरण बांधलं आहे. संस्थेला आणि माणसांना म्हणूनच नावं दिलेली नाहीत, आणि रकमा हिशोब डोक्यात बसावा इतपत सोप्या ठेवल्या आहेत. कायदे, योजना आणि धंद्याची रीत मात्र आहे तशीच.

धंदा आणि त्यातलं नातं

दशावताराचा सीझन कार्तिकात सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो. प्रत्येक देवळाची जत्रा तिथीने ठरलेली. कोणत्या गावात कोणती कंपनी, हेही बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षं ठरलेलं असतं. रात्री देवाची पालखी झाली की खेळ उभा राहतो. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, संकासुर, मग आख्यान, आणि पहाटे दहीकाला. लिखित संहिता नाही, संवाद नटाने उभ्याउभ्या जुळवायचे. पायपेटी, मृदंग आणि झांज. स्त्रीपार्ट पुरुषच करतात.

कंपनी मालकाची. नाव त्याचं, टेम्पो त्याचा, देवस्थानांशी संबंध त्याचे, खेळाची सुपारी तोच घेतो. नट आणि वादक नाईटवर. काही जण सीझनच्या सुरुवातीला उचल घेतात आणि ती नाईटमधून फिटत जाते. लेखी करार क्वचितच. पावसाळ्यात घरची शेती, मिळेल तो रोजगार, गणपतीच्या दिवसांत भजनं. थोडक्यात, पुढल्या कार्तिकात टेम्पोत आपली ट्रंक चढणार की नाही, हे मालकाच्या मर्जीवर. हे नातं लक्षात ठेवल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

संघटना उभी राहिली ती आजारपण, अपघात आणि म्हाताऱ्या कलाकारांच्या मानधनाचे अर्ज यांसाठी. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देण्याची राज्य सरकारची योजना १९५४-५५ पासून आहे. २०२४ मध्ये हे मानधन सरसकट महिना ५,००० रुपये झालं. त्याआधी श्रेणीप्रमाणे ३,१५०, २,७०० आणि २,२५० मिळत. अर्जाला कलेच्या कामाचे पुरावे लागतात. ज्याने चाळीस वर्षं रात्री जागवल्या आणि एकही कागद जपला नाही, त्याचा पुरावा कोण देणार? सेक्रेटरी देत. जुन्या जत्रांच्या पत्रिका, पेपरातली कात्रणं, देवस्थानांचे दाखले गोळा करून ते फाइली बनवत. स्वतः नट, आता गुडघ्यांमुळे खेळात उभे राहत नाहीत. त्यांच्याबद्दल लोकांना आदर होता, आणि तो अस्थानी नव्हता.

कार्यकारिणीत अकरा जण, सात कलाकार आणि चार मालक. खजिनदार एक मालक. मालक कशाला हवेत, असं शहरातला माणूस लगेच विचारेल. त्याचं उत्तर व्यवहारी होतं: वर्गणी गोळा करायची तर दुसरी सोय नव्हती. कलाकार आज वालावलला, उद्या मातोंडला, परवा गोव्यात. त्यांना गाठणार कुठे? मालक नाईट वाटतो तेव्हाच १० रुपये कल्याण निधीचे कापून घेईल आणि महिन्याला भरणा करील, असं ठरलं. वार्षिक वर्गणी २०० रुपये, तीही पहिल्या नाईटमधून मालकच कापणार. सोय चांगली होती. घोळही तिथूनच सुरू झाला.

कोण काय म्हणत होतं

तक्रारी एका सुरातल्या नव्हत्या. तरुण नटांना महोत्सवाचा राग नव्हता. उलट तिथे मुंबईचे लोक बघायला येतात, व्हिडिओ फिरतात, सुपाऱ्या वाढतात, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना खटकत होतं ते वेगळंच: साऊंड, लाइट आणि जनरेटर खजिनदारांच्याच घरचा, आणि त्याचं ९०,००० रुपयांचं बिल दुसऱ्या कुणाचं दरपत्रक न मागवता पास झालेलं. म्हाताऱ्यांचा रोख शाली-श्रीफळांवर होता. "आमका शाल कित्याक? औषधाक पैसे द्या," असं एका वयस्क स्त्रीपार्टी नटाने महोत्सवाच्या मंचावरच पुटपुटल्याचं लोक सांगत. वादकांना प्रवासखर्चाने अस्वस्थ केलं होतं. दोन वर्षांत ८४,००० रुपये, मंत्रालयाच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसच्या फेऱ्या, आणि बहुतेक पावत्यांच्या जागी सेक्रेटरींच्या सहीची साधी व्हाउचर.

आणि मग व्हॉट्सॲप. सेक्रेटरींनी घरावर स्लॅब टाकला तो आमच्या पैशांतून, असा मजकूर कुणीतरी टाकला. स्लॅब त्यांच्या मुलाने टाकला होता, गोव्यातल्या नोकरीतून कर्ज काढून. ही गोष्ट गावात सर्वांना ठाऊक होती, तरी मजकूर आठ तालुक्यांत फिरला. या एका मजकुराने तक्रारदारांचं जेवढं नुकसान केलं तेवढं मालकांनी मिळूनही केलं नसतं. सेक्रेटरींनी बोलणं बंद केलं, वही दाखवायला साफ नकार दिला, आणि हिशोबाचा प्रश्न एका माणसाच्या अब्रूचा प्रश्न होऊन बसला. चारी मालक एका रात्रीत सेक्रेटरींच्या अब्रूचे रखवालदार झाले. असं होतं तेव्हा जरा थांबून बघावं की कुणाच्या आड कोण उभं आहे.

डायरी

एका पायपेटीवाल्यांना जुनी सवय होती. औषध कंपनीची फुकट मिळालेली डायरी ट्रंकेत ठेवायची आणि टेम्पोत बसल्यावर बॅटरीच्या उजेडात रोजची ओळ लिहायची. गाव, आख्यान, नाईट, कापलेले पैसे. "आंदुर्ले. नाईट ७००. उचल २००. युनियन १०. हातात ४९०." कधी शेरा: "पाऊस, अर्ध्यावर बंद, तरी युनियन कापली." त्या सीझनच्या ११० ओळी निघाल्या.

त्यांच्या कंपनीत पंधरा माणसं. १५ माणसं, ११० नाइट्स, १० रुपये, म्हणजे १६,५०० रुपये. संघटनेच्या पासबुकात त्या कंपनीच्या नावावर त्या वर्षी जमा होते ४,०००.

इथे वादाची दिशा बदलली. तोवर सगळे खर्चाकडे बघत होते. डायरीने पहिल्यांदा जमेकडे बघायला लावलं. सभासद २४०, साधारण ११० नाइट्स धरल्या तर निधीत वर्षाला २,६४,००० रुपये यायला हवेत. पुढे वही उघडली तेव्हा तीत जमा निघाले ९६,०००. सगळ्यांच्या नाइट्स सारख्या नसतात, आजारपण असतं, अर्ध्यावर कंपनी सोडणारे असतात. हे सगळं वजा केलं तरी दीड लाखाच्या आसपासचं भोक बुजत नव्हतं. वार्षिक वर्गणीतही तेच: ४८,००० अपेक्षित, २१,००० जमा. म्हणजे २४० पैकी फक्त १०५ जणांची.

जत्रांच्या तिथी ठरलेल्या असल्यामुळे पडताळणी सोपी गेली. हा या धंद्याचा एक फायदा, एरवी त्याचा विचार कुणी करत नाही. कोणत्या गावात कोण खेळलं हे गावकरी, मानकरी, देवस्थानची समिती, सगळे सांगू शकतात. तीन-चार जणांनी बसून प्रत्येक कंपनीच्या नाइट्सची यादी केली. पैसे कापून घेतले आणि भरले नाहीत अशा कंपन्या निम्म्याहून जास्त निघाल्या. त्यांत कार्यकारिणीवरच्या चारपैकी तिघा मालकांच्या होत्या.

मालकांची बाजूही ऐकायला हवी. २०२० च्या मार्चमधल्या टाळेबंदीने तो सीझन मध्येच तुटला आणि पुढचाही जवळपास गेला. मंडळी घरी, टेम्पोचे हप्ते चालू, देवस्थानांकडची येणी अडकलेली. २०२१ मध्ये राज्य सरकारने कलाकारांना एकरकमी ५,००० रुपयांची मदत जाहीर केली, तीही कलाकारांसाठी, कंपनीसाठी नव्हे. त्या काळात "आता राहू दे, नंतर भरूया" म्हणून कापलेले पैसे डिझेलमध्ये गेले, आणि एकदा गेलेली सवय परत आली नाही. ही कारणं मला खोटी वाटत नाहीत. पण कारण खरं असलं म्हणून कलाकाराच्या नाईटमधून कापलेले १० रुपये मालकाचे होत नाहीत. कर्ज हवं होतं तर मागायचं होतं. संघटनेने कदाचित दिलंही असतं.

निधी शून्यावर कसा आला

निधीची आरंभीची शिल्लक १,२०,०००. वर्षभरात जमा ९६,०००. एकूण २,१६,०००. त्यातून आजारपणाची मदत ४०,०००, मानधनाच्या अर्जांसाठीचा प्रवास २६,०००, आणि महोत्सवाला "तात्पुरती उचल" १,५०,०००. शिल्लक शून्य. कुणी खिशात घातलं असं यात काहीच नाही. मंडपवाल्याला, हॉटेलवाल्याला, जनरेटरवाल्याला पैसे मिळालेले, बिलं जागेवर.

महोत्सवाचा एकूण खर्च ४,१०,००० आणि देणग्या व जाहिराती मिळून २,६०,०००. एका पाहुण्यांनी व्यासपीठावरून मोठी देणगी जाहीर केली, टाळ्या झाल्या, फोटो छापून आले. देणगी आली नाही. कोकणात ही गोष्ट नवी नाही. तरी त्या भरवशावर खर्च आधीच झाला होता आणि खड्डा आजाऱ्यांच्या पैशांतून भरला गेला. उचल द्यायचा ठराव? प्रोसिडिंग बुकात नव्हता. खजिनदार आणि अध्यक्षांनी फोनवर ठरवलं, सेक्रेटरींनी चेकवर सही केली. सर्वसाधारण सभेपुढे विषय आलाच नाही, कारण दोन वर्षं सभाच झाली नव्हती.

"चोरी झाली का?" या प्रश्नाचं उत्तर महोत्सवापुरतं "नाही" असं येतं, आणि तिथेच बहुतेक चौकशा थांबतात. विचारायचं होतं ते असं: कुठल्या पैशातून, कुणाच्या परवानगीने, कुठल्या सभेत? हा प्रश्न लावला की सेक्रेटरी, खजिनदार आणि मालक तिघेही वेगवेगळ्या जागी उभे दिसतात, आणि त्यांची जबाबदारीही वेगवेगळी ठरते.

दाद कुठे मागायची

बावीस सभासदांनी वही बघायला मिळावी म्हणून लेखी अर्ज दिला. उत्तर नाही. मग काही जण ओरोसला कामगार खात्याच्या कार्यालयात गेले, कारण सगळे संघटनेला "युनियन"च म्हणत. तिथल्या साहेबांनी नोंदणीचा दाखला मागितला. दाखला बघून म्हणाले, ही आमच्याकडची नाही.

संस्था नोंदवलेली होती संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली. महाराष्ट्रात अशा संस्थेची नोंद सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही होते, म्हणजे देखरेख धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेची. ट्रेड युनियन ॲक्ट, १९२६ शी तिचा संबंधच नव्हता. कोकणातल्या कित्येक कलाकार-संघटनांचं, मच्छीमारांच्या काही मंडळांचंही असंच आहे: बोलायला युनियन, कागदावर विश्वस्त संस्था. सभासदाने पहिल्या दिवशी बघायचा कागद म्हणजे नोंदणीचा दाखला. इथे तो भांडण बरंच जुनं झाल्यावर उघडला गेला.

फरक काय पडतो? नोंदणीकृत ट्रेड युनियन असती तर १९२६ च्या कायद्यात साधारण निधी कोणत्या कारणांवर खर्च करता येईल याची यादीच होती, कलम १५ मध्ये. कलम २० प्रमाणे सभासदाला हिशोबाच्या वह्या आणि सभासद यादी तपासण्याचा हक्क होता, आणि कलम २८ प्रमाणे दरवर्षी तपासलेलं विवरण रजिस्ट्रारकडे जात असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने घेतली. वार्षिक लेखापरीक्षण आणि सभासदांना वह्या बघण्याची सोय या गोष्टी तिच्यातही कायम आहेत. विश्वस्त संस्थेला दाद वेगळ्या दारात, पण दार आहे. हिशोब ३१ मार्चला बंद करायचे, लेखापरीक्षण करून अहवाल धर्मादाय कार्यालयात द्यायचा. कार्यकारिणी बदलली की कलम २२ खाली नव्वद दिवसांत बदल अर्ज. कारभाराबद्दल आदेश मागायचे तर कलम ४१-अ. विश्वस्तांना निलंबित करण्यापर्यंत जायचं तर कलम ४१-ड.

धर्मादाय कार्यालयात फाइल बघितली तर शेवटचा लेखापरीक्षण अहवाल तीन वर्षांपूर्वीचा. कार्यकारिणीची नोंद त्याहून जुनी. तीत एक असे सदस्य अजून होते ज्यांचं वर्षश्राद्धही होऊन गेलं होतं. म्हणजे ज्यांनी चेकवर सह्या केल्या त्यांतल्या काहींची नावं सरकारी नोंदीत पदाधिकारी म्हणून नव्हतीच.

जगात इतरत्र नटांच्या संघटनांवर हाच आरोप होतो, फक्त आकडे मोठे. अमेरिकेत पडद्यावरच्या आणि रेडिओ-टीव्हीच्या कलाकारांच्या दोन संघटना २०१२ मध्ये एक झाल्या. तिथे १९५९ च्या कायद्याने कामगार संघटनांना सरकारकडे वार्षिक विवरण द्यावं लागतं. वर्षाची जमा मोठी असेल तर सर्वांत तपशीलवार नमुन्यात: पदाधिकाऱ्यांना काय दिलं, पाच हजार डॉलर आणि त्यावरचा खर्च कुणाला झाला, हे नावानिशी. ते विवरण कुणालाही बघता येतं. त्याने भांडणं मिटत नाहीत, पण भांडणारा निदान छापील आकडा हातात घेऊन उभा राहतो. आपल्याकडे पायपेटीवाल्याच्या डायरीवर भागवावं लागलं.

"तुम्ही सभासदच नाही"

विशेष सर्वसाधारण सभेची मागणी गेली तेव्हा कार्यकारिणीचं उत्तर आलं, आणि ते कायद्याला धरून होतं. १८६० च्या कायद्याचं कलम १५ सांगतं की ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे त्याला मत देता येत नाही आणि त्याची सभासद म्हणून गणना होत नाही. मागणीवर सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेकांची वर्गणी वहीत जमा नव्हती. अर्ज फेटाळला.

हा डाव कुणाच्या डोक्यातून आला ते कळलं नाही. पण तो किती धारदार होता बघा. मालकाने वर्गणी कापायची, भरायची नाही, आणि न भरल्यामुळे कलाकार थकबाकीदार ठरून हिशोब विचारण्याचा हक्कच गमवायचा. ज्याने पैसे अडकवले त्यालाच त्या अडकवण्याचं कवच मिळालं.

सुटका झाली ती प्रोसिडिंग बुकातल्या एका जुन्या पानामुळे. सुरुवातीच्या वर्षांतला ठराव होता: "कंपनीचे मालक हे संघटनेच्या वतीने वर्गणी व निधी वसूल करतील." संघटनेच्या वतीने. म्हणजे मालकाच्या हातात पैसे पडले तेव्हाच ते संघटनेला पोचले. पुढे भरणा झाला नाही तर ती बाब संघटना आणि मालक यांच्यातली, सभासद थकबाकीदार होत नाही. कणकवलीतल्या एका वकिलांनी हा मुद्दा एका पानात लिहून दिला आणि सोबत डायरीच्या झेरॉक्स जोडल्या. खाली ओळ होती की पंधरा दिवसांत सभा न बोलावल्यास कलम ४१-अ खाली अर्ज करण्यात येईल. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात निर्णायक कागद हाच. मोर्चा, पत्रकार परिषद, पालकमंत्र्यांना निवेदन हेही सगळं झालं, त्याचा उपयोग शून्य.

वही दाखवली ती मात्र सेक्रेटरींनीच, आपणहून. व्हॉट्सॲपवर मजकूर टाकणाऱ्याच्या वतीने दोन ज्येष्ठ कलाकार त्यांच्या घरी जाऊन चुकी मान्य करून आले, त्यानंतर.

सभा

सभा मृगाच्या तोंडावर, एका देवळाच्या सभामंडपात. सीझन संपलेला, भातपेरणी व्हायची होती, त्यामुळे माणसं आली. दीडशेच्या वर.

बोलले कोण, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. चालू कंपनीतले नट जवळजवळ गप्प. एकाने बाहेर चहा पिताना सांगितलं, "हिशोब मागलंय तर फुडल्या वर्सा माका घेतलो कोण?" उभे राहिले ते निवृत्त झालेले, किंवा ज्यांची मुलं कमावती आहेत ते. शाल नको म्हणणारे स्त्रीपार्टी काका पहिले. त्यांनी आरोप केला नाही. फक्त प्रत्येक मालकाचं नाव घेऊन, "अमुक मालकांनू, तुमच्या एवढ्या नाइट्स झाल्या, एवढी माणसां, एवढे पैसे झाले, भरलास किती?" असं एकामागून एक विचारत गेले. यादी त्यांच्या हातात होती, पण बघावी लागली नाही. आख्यान पाठ असतं तसं पाठ होतं. दोघांनी तिथेच कबूल केलं. एक उठून गेला. खजिनदार म्हणाले, पावत्या द्यायची पद्धत नव्हती, त्याला मी काय करू. हे खरंच होतं, आणि खजिनदाराच्या तोंडी ते शोभत नव्हतं.

ठरलं ते असं. कल्याण निधीचं बँक खातं वेगळं, त्यातून महोत्सवाला एक पैसाही जाणार नाही. चेकवर दोन सह्या, त्यातली एक मालक नसलेल्याची, आणि खजिनदार यापुढे कलाकारच. प्रत्येक कंपनीला कार्बनचं पावती पुस्तक. ते मालकाकडे नाही, कंपनीतल्याच एका कलाकाराकडे. महोत्सवाचं अंदाजपत्रक आधी सभेपुढे, आणि कार्यकारिणीतल्या कुणाचं सामान भाड्याने घ्यायचं तर तीन दरपत्रकं लागतील. महोत्सवाने निधीचे १,५०,००० परत करायचे. मालकांनी बाकी त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत हप्त्यांनी भरायची.

पावती पुस्तक कलाकाराकडे द्यायच्या ठरावावर सर्वांत जास्त वाद झाला, खातं वेगळं करण्यावर अजिबात नाही. त्यावरून दुखणं कुठे होतं ते कळतं.

सेक्रेटरींना लोकांनी पुन्हा निवडून दिलं. काहींना हे पटलं नाही. ८४,००० च्या प्रवासखर्चापैकी जेमतेम निम्म्याचे पुरावे त्यांना देता आले: एसटी आणि रेल्वेची तिकिटं, काही ठिकाणी मंत्रालयातल्या अर्जांवरचे पोच शिक्के आणि तारखा. उरलेल्याचं काय, यावर सभेने "यापुढे तिकीट नाही तर पैसे नाहीत" एवढंच ठरवलं आणि मागचं सोडून दिलं. मला हे थोडं घाईचं वाटतं. माणूस प्रामाणिक आहे म्हणून कागद माफ करायचा, याच रीतीने संघटना इथवर आली होती. पण त्यांच्याशिवाय मानधनाच्या फाइली कुणाला समजत नाहीत हेही तितकंच खरं. निदान दोन तरुण त्यांच्या हाताखाली ते काम शिकायला बसवले, हे बरं झालं.

आजची स्थिती

पाच मालकांनी पहिला हप्ता भरला. सभेतून उठून गेलेल्याने नाइट्सची यादीच मान्य नाही असं कळवलं आहे; त्याच्यासाठी देवस्थानांकडून जत्रेच्या तारखांचे दाखले गोळा करणं चालू आहे. त्याच्या कंपनीतल्या दोन नटांनी या सीझनला कंपनी बदलली. एकाला दुसरीकडे घेतलं, दुसरा अजून घरी आहे.

महोत्सव यंदा झाला नाही. तरुण नट नाराज आहेत, आणि त्यांचं म्हणणं दुर्लक्ष करण्यासारखं नाही, कारण गेल्या महोत्सवानंतर काही कंपन्यांना मुंबईच्या सुपाऱ्या खरंच मिळाल्या होत्या. एक दिवसाचा, तिकीट लावून करावा असा प्रस्ताव आहे. निधीचे १,५०,००० कुठून परत यायचे याचं उत्तर मात्र कुणाकडे नाही. देणगी जाहीर केलेल्या पाहुण्यांना दोन पत्रं गेली आहेत.

आजारी नटाला वेगळ्या खात्यातून २०,००० रुपये मंजूर झाले, त्यातले १२,००० दिले, बाकीचे पुढचे हप्ते आल्यावर. तीन वर्षांचं लेखापरीक्षण एका सनदी लेखापालाकडे दिलं आहे, आणि नव्या कार्यकारिणीचा बदल अर्ज दाखल झाला आहे. रीतसर कामगार संघटना म्हणून वेगळी नोंदणी करायची का, आणि केली तर मालकांना तिच्यात जागा द्यायची का, हा विषय पुढल्या सभेच्या पत्रिकेवर पहिला आहे.